९२ युनिट, तरीही सकाळी २७०: टाईप वनमधल्या इन्सुलिन रेझिस्टन्सचं एक प्रकरण

वय ३२, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. अकराव्या वर्षी इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचून, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये बेशुद्धावस्थेत दवाखान्यात आणलं होतं, तेव्हापासून टाईप वन मधुमेह. आता वजन ७४ किलो, उंची १५६ सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय ३०.४. कंबर ९६ सेंटीमीटर. रात्री ग्लार्जिन हे लांब टिकणारं इन्सुलिन ४८ युनिट, तीन जेवणांना जलद इन्सुलिन १४, १४ आणि १६. बेरीज ९२. एवढं घेऊनही एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ८.६ आणि सकाळची उपाशीपोटी शुगर बहुतेक दिवस अडीचशेच्या पुढे. आधीच्या प्रत्येक भेटीत डोस चार-सहा युनिटांनी वाढवला गेला होता आणि प्रत्येक भेटीत वजनही थोडं वाढलेलं होतं.

हे एका बाईचं प्रकरण नाही, हे आधीच सांगून टाकतो. ओपीडीत वारंवार दिसणाऱ्या अशा अनेक जणींच्या कहाण्या जुळवून ते उभं केलं आहे. आकडे नमुन्याचे आहेत. ज्या अभ्यासांचा उल्लेख येईल ते मात्र खरे.

नवऱ्याचा पहिला प्रश्न होता, "डॉक्टर, हिचं टाईप वनचं टाईप टू झालं का?" विचारण्यासारखाच प्रश्न आहे. तिच्या वडिलांना आणि आत्याला टाईप टू आहे. तिच्या मानेवर मागच्या बाजूला काळसर, मखमलीसारखी जाड कातडी होती. ती मळ समजून बेसन लावून घासत होती. ते इन्सुलिन रेझिस्टन्सचं, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याचं लक्षण आहे, घासून जात नाही. पाळी अनियमित. सोनोग्राफीत यकृतावर चरबी. रक्तदाब १४२/९२. ट्रायग्लिसराइड २३८, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल ३६. हा शेवटचा आकडा मला जास्त बोलका वाटला, कारण बाहेरून इन्सुलिन घेणाऱ्या टाईप वनच्या माणसांचं एचडीएल सहसा चांगलं असतं, कधी कधी इतरांपेक्षाही जास्त. ते खाली आलं की आत दुसरं काहीतरी चाललंय असं धरावं.

तरी टाईप वनचं टाईप टू होत नाही. सी-पेप्टाइड शून्याच्या जवळ होतं, म्हणजे स्वादुपिंडातून इन्सुलिन येतच नाही. जीएडी अँटीबॉडी, म्हणजे शरीराने स्वतःच्याच स्वादुपिंडावर हल्ला केल्याची खूण, पॉझिटिव्ह. टाईप वन जागच्या जागी आहे आणि टाईप टूचा स्वभाव त्यावर येऊन बसला आहे. डॉक्टर मंडळी याला डबल डायबेटिस म्हणतात. टाईप वनचा माणूस बारीकच असतो, त्याला रेझिस्टन्स नसतो, हा समज पाठ्यपुस्तकांनी फार वर्षं जपला. खरं तर १९३६ मध्ये हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी मधुमेहींची इन्सुलिनला दाद देणारे आणि न देणारे अशी विभागणी केली होती, आणि १९८२ मध्ये डीफ्रॉन्झो व सहकाऱ्यांनी शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज एकाच वेळी देऊन दाखवलं की इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या मधुमेहींतही रेझिस्टन्स ठळक असतो. हिम्सवर्थ यांच्या त्या दोन गटांना आपण टाईप वन आणि टाईप टू अशा खणांत घातलं आणि भिंत पक्की झाली, असं मला वाटतं.

आता ९२ युनिट. इतकं लागतं म्हणजे रेझिस्टन्सच, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. प्रौढ टाईप वनला किलोमागे साधारण अर्धा ते पाऊण युनिट पुरतं, हिला १.२४ लागत होतं. पण लागतं आणि पोचतं यात फरक असतो. टोचलेलं सगळं इन्सुलिन रक्तात जातं का, हे आधी बघावं लागतं.

म्हणून पहिल्या भेटीत तिला पोट दाखवायला सांगितलं. बेंबीच्या दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या मऊ गाठी होत्या. एकवीस वर्षं त्याच दोन जागा. "तिथे दुखत नाही ना, म्हणून," ती म्हणाली. बरोबरच आहे, चरबीच्या त्या गाठीत संवेदना कमी असते, सुई टोचलेली कळत नाही, म्हणून माणूस तिथेच टोचत राहतो आणि गाठ वाढत राहते. गाठीतून इन्सुलिन शोषलं जातं तेही लहरीने: एक दिवस अर्धं, एक दिवस उशिरा एकदम. पेनची सुई ती आठ-दहा दिवस वापरत होती, त्यानेही भर पडली.

दुसरं, साठवण. घरी फ्रीज आहे. पण जलद इन्सुलिनचं पेन शाळेच्या दिवशी स्कूटरच्या डिकीत राहायचं. सोलापूरकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, बंद डिकीत त्याहून जास्त. वापरात असलेलं इन्सुलिन ३० अंशांच्या खाली राहावं अशी अपेक्षा असते. शाळेत माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं तरी फरक पडतो.

तिसरी शक्यता सिरिंजची, हिच्या बाबतीत ती नव्हती, पण विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपल्याकडे साध्या इन्सुलिनची बाटली बहुधा मिलिलिटरला ४० युनिटची आणि तिची सिरिंज लाल टोपीची, पेनमधलं इन्सुलिन १०० चं आणि त्याची सिरिंज नारिंगी टोपीची. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने काढलं की अडीचपट डोस जातो, उलट केलं की दोन पंचमांश. पेन बिघडल्यावर कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन काढणारी माणसं मी पाहिली आहेत.

थायरॉइड, सीलिएकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या आतड्याच्या आजाराची) तपासणी, दात, लघवीतला संसर्ग, सांधेदुखीसाठी कुणी दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, असं सगळं बघून झालं. काही निघालं नाही.

दंडावर सतत शुगर मोजणारा चौदा दिवसांचा सेन्सर लावला. त्यात जे दिसलं ते डायरीत कधीच दिसलं नसतं, कारण डायरीत फक्त सकाळची आणि संध्याकाळची शुगर होती. आठवड्यातून दोन-तीन रात्री पहाटे तीनच्या सुमारास शुगर ५५ च्या खाली, मग उभी चढण आणि सातला २७०. सेन्सर लावायच्या आधी एका डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की लो झाल्यावर शरीर स्वतःच शुगर वर उसळवतं. हा सोमोगींचा जुना सिद्धांत अजून तोंडोतोंडी चालतो. पण सेन्सर आल्यावर तपासलं गेलं तेव्हा रात्री लो झालेल्यांची सकाळची शुगर बहुतेक वेळा कमीच आढळली. मग हिची का चढते? उत्तर स्वयंपाकघरात होतं. घाम फुटून जाग आली की ती ग्लुकोजच्या बिस्किटांचा अख्खा पुडा आणि साखरेचा चहा घ्यायची. मग परत झोप लागेना, म्हणून आणखी थोडा चिवडा. पूर्वी एकदा झोपेत फिट आली होती. ती भीती अंगात मुरली आहे, त्यामुळे पंधरा ग्रॅमवर थांबणं तिला शक्यच नव्हतं. असं आठवड्यातून दोनदा-तीनदा, वर्षानुवर्षं.

पहाटेची लो यायची कुठून, हे उलगडायला वेळ लागला. गुरुवारी तिचा उपवास. दुपारी साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट आणि तूप सढळ. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, पण कूट आणि तूप त्याला पोटात रेंगाळायला लावतात. इन्सुलिन तासा-दीड तासात जोरावर येतं तेव्हा खिचडी अजून वाटेत असते, चार तासांनी ती पोचते तेव्हा इन्सुलिनचा जोर ओसरलेला असतो. संध्याकाळी शुगर ३००. ती बघून रात्री जेवणाचा डोस, वर दुरुस्तीचे, म्हणजे चढलेली शुगर उतरवायला जादा सहा, अकराला परत बघून आणखी सहा, आणि नंतर ग्लार्जिनचे ४८. सगळं त्याच गाठीत. कधी विरघळेल याचा नेम नाही. गुरुवार सोडून इतर दिवशीही हेच, फक्त खिचडीच्या जागी शाळेतून आल्यावरचं खाणं.

म्हणजे जास्त इन्सुलिन, लो, भीतीने खाणं, वजन, रेझिस्टन्स आणि परत जास्त इन्सुलिन. या चक्रातली एक बाब नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण तिथे रुग्णाची काहीच चूक नसते.

निरोगी माणसाचं स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं ते आधी थेट यकृताकडे. यकृताला उरलेल्या शरीराच्या दुप्पट-तिप्पट तीव्रतेचं इन्सुलिन मिळतं, त्यातलं निम्म्याच्या आसपास ते तिथेच संपवतं आणि बाकीचं स्नायू-चरबीकडे जातं. पोटाच्या कातडीखाली टोचलेलं इन्सुलिन आधी सगळीकडे पसरतं आणि यकृताच्या वाट्याला इतरांएवढंच येतं. यकृताला पुरेल इतकं द्यायचं तर स्नायूंना आणि चरबीला गरजेपेक्षा जास्त द्यावं लागतं. पोस्टमन वाड्याच्या दारात पत्र देण्याऐवजी गल्लीभर वाटत सुटला, तर दारापर्यंत एक पोचवायला चार छापावी लागतील, तसा हा प्रकार. यकृत उपाशी राहिल्याने रात्रभर साखर सोडत राहतं. शिवाय यकृतात पुरेसं इन्सुलिन नसलं की तिथे तयार होणारं आयजीएफ-१ हे हार्मोन कमी पडतं, त्यामुळे ग्रोथ हार्मोन वाढतं आणि ते रेझिस्टन्स आणखी वाढवतं. दुसरीकडे स्नायू सततच्या जास्त इन्सुलिनला कंटाळून दाद देईनासे होतात.

हे नुसतं तर्काचं नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी टाईप वनच्या लोकांची तुलना ग्लुकोकायनेज जनुकातल्या दोषामुळे शुगर थोडी वर राहणाऱ्यांशी केली. दोन्ही गटांत शुगर चढलेली, पण दुसऱ्या गटाचं स्वतःचं स्वादुपिंड चालू असतं. स्नायूंमधला रेझिस्टन्स टाईप वनच्या गटात सापडला, दुसऱ्यात नाही. म्हणजे शुगर जास्त असणं हे त्याचं मुख्य कारण नव्हे, रक्तात सगळीकडे साचलेलं टोचलेलं इन्सुलिन हे कारण.

त्यावरून एक उफराटा निष्कर्ष काढणारे मेसेज फिरतात: इन्सुलिननेच वजन वाढतं, इन्सुलिननेच रेझिस्टन्स येतो, तेव्हा इन्सुलिन बंद करा. हिच्या मोबाइलवरही मावसदिराने पाठवलेला होता. टाईप टूला कदाचित काही दिवस खपेल. सी-पेप्टाइड शून्य असलेल्या माणसाने इन्सुलिन सोडलं तर दोन-चार दिवसांत कीटोअ‍ॅसिडोसिस होतो आणि माणूस जातो. तिला मी हे तिच्या सासूबाईंसमोर सांगितलं, मुद्दाम. गरज कमी करायची, इन्सुलिन नव्हे. गरज कमी झाली की इन्सुलिन आपोआप कमी होतं.

वंशाचाही भाग आहे. डीसीसीटी हा १४४१ जणांचा मोठा अभ्यास १९९३ मध्ये संपला. शुगर काटेकोर ठेवली की डोळे, मूत्रपिंड, नसा वाचतात हे त्याने सिद्ध केलं, पण काटेकोर उपचारांच्या गटात वजन वाढलं. पुढे त्याच नोंदी चाळल्यावर दिसलं की घरात टाईप टू असलेल्यांचं वजन अधिक वाढलं होतं. आपल्या लोकांत त्यावर आणखी एक थर चढतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो छापले होते. दोघांचा बीएमआय २२.३, युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२. म्हणून भारतीय बाईची कंबर ८० च्या पुढे गेली की काळजी करायची, ९६ तर लांबच.

रेझिस्टन्स किती हे मोजायला खरी परीक्षा म्हणजे क्लॅम्प, डीफ्रॉन्झो यांनी केली तशी शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज एकाच वेळी देण्याची. ती ओपीडीत होत नाही. कंबर, रक्तदाब आणि एचबीए१सी यांवरून ईजीडीआर नावाचा अंदाज काढता येतो. २१.१५८ मधून कंबरेच्या सेंटीमीटरची ०.०९ पट, रक्तदाबाचा विकार असल्यास ३.४०७, आणि एचबीए१सीची ०.५५१ पट वजा करायची. हिचा आला ४.४. जितका कमी तितका रेझिस्टन्स जास्त, आणि ८ च्या खाली असलेल्यांना गुंतागुंतीचा धोका वाढतो. हिच्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन यायला, म्हणजे मूत्रपिंडाला इजा व्हायला सुरुवात झालीच होती, क्रिएटिनिनच्या ग्रॅममागे ४६ मिलिग्रॅम.

उपचाराची सुरुवात सुईपासून. पोट बंद, मांड्या आणि कमरेच्या बाजू, दरवेळी दोन बोटं अंतर सोडून, सुई रोज नवी. जागा बदलताना डोस तसाच ठेवला तर ताज्या कातडीतून पूर्ण शोषलेलं इन्सुलिन माणसाला बेशुद्ध करू शकतं, म्हणून पहिल्याच दिवशी वीस टक्के कापले. ९२ वरून ७४. तरी पहिल्या आठवड्यात दुपारी ५८ आली, मग ग्लार्जिन ३८ वरून ३४ केलं. काही आठवड्यांत ७० युनिटवर सकाळची शुगर १५० ते १८० मध्ये आली. म्हणजे ९२ पैकी वीस-बावीस युनिटांचा रेझिस्टन्स नव्हताच, ते गाठीत आणि डिकीत जात होते. उरलेले ७०, म्हणजे किलोमागे जवळपास एक युनिट, ही खरी गरज, आणि ती नेहमीपेक्षा जितकी जास्त तितका खरा रेझिस्टन्स.

लो झाल्यावर काय घ्यायचं हे उशाशी ठेवलं: तीन सपाट चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटं थांबून परत तपासणी. रात्री अकराची दुरुस्ती बंद, आधीच्या डोसनंतर चार तास होईपर्यंत वरून इन्सुलिन घ्यायचं नाही. सेन्सरची गजर वाजवणारी आवृत्ती दोन महिने लावली, महाग होती, पण पुडा संपवण्याची सवय तिनेच मोडली. शुगर ७२ आहे आणि सेन्सरवरचा बाण आडवा आहे, म्हणजे ती उतरत नाही, हे दिसलं की भीती उतरते.

जेवणात फार उलथापालथ केली नाही. पोळ्या मोजल्या, मध्यम पोळीत साधारण १५ ते २० ग्रॅम कर्बोदकं धरून. भाकरी मोठी थापली तर दुप्पट. जलद इन्सुलिन जेवायला बसल्यावर घेत होती, ते पंधरा मिनिटं आधी. आमटीत डाळ घट्ट. गुरुवारचा उपवास सोडायला सांगितला नाही. त्यावर वाद घातला असता तर ती परत आली नसती. खिचडी निम्मी, सोबत दही आणि काकडीची कोशिंबीर, आणि डोस दोन भागांत: निम्मा आधी, निम्मा दीड तासाने.

व्यायामात चालण्याइतकाच भर ताकदीवर होता. स्नायू आकुंचन पावताना इन्सुलिनशिवायही ग्लुकोज आत ओढतो, आणि त्यानंतर एक-दोन दिवस इन्सुलिनला जास्त दाद देतो. शाळा सुटल्यावर वर्गातच खुर्चीवरून उठबस, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. व्यायामाच्या रात्री ग्लार्जिन दोन-चार युनिटांनी कमी, नाहीतर पहाटेची लो परत.

औषधांचा पेच मोठा होता, कारण तिला वर्ष-दीड वर्षाने दुसरं मूल हवं होतं. रक्तदाब आणि अल्ब्युमिनसाठी टेल्मिसार्टन उत्तम, पण गर्भाला घातक. तिला कॉपर-टी होती. ती आहे तोवर टेल्मिसार्टन, आणि काढायच्या आधी गोळी बदलायची, असं लेखी ठरलं. स्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध बाळंतपणानंतरवर ढकललं. मेटफॉर्मिन ही टाईप टूची गोळी सुरू केली, पण आशा वाढवून नाही. टाईप वनमधल्या रिमूव्हल या २०१७ च्या तीन वर्षांच्या चाचणीत ४२८ जणांमध्ये एचबीए१सीवर टिकणारा फायदा दिसला नाही, वजन किलो-सव्वा किलो उतरलं आणि बी-१२ कमी झालं. ती शाकाहारी, बी-१२ आधीच काठावर, म्हणून ते सोबत दिलं. पाळी मात्र चार महिन्यांत नियमित झाली, श्रेय गोळीचं की उतरलेल्या वजनाचं, कोण सांगणार.

लघवीतून साखर काढणाऱ्या गोळ्यांबद्दल नवऱ्याने विचारलं. डॅपाग्लिफ्लोझिनला २०१९ मध्ये युरोपात बीएमआय २७ किंवा त्यावरच्या टाईप वनसाठी परवानगी मिळाली आणि २०२१ मध्ये कंपनीनेच तो वापर मागे घेतला. शुगर फार चढलेली नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस करते, त्यामुळे घरच्यांच्या लक्षात यायला उशीर होतो. नकोच म्हटलं. वजन उतरवणारी इंजेक्शनंही लवकरच मूल हवं असणाऱ्या बाईला देता येत नाहीत.

वर्षाने वजन ६८.५, कंबर ९०, रक्तदाब १२८/८२, अल्ब्युमिन २४. इन्सुलिन ५७ युनिट, किलोमागे ०.८३. एचबीए१सी ७.३, ईजीडीआर ५.६. पहाटेची लो महिन्यातून एखादी. पाळीच्या आधीच्या आठवड्यात सकाळची शुगर अजून चढते, तेव्हा ग्लार्जिन ३० चं ३३ करायचं हे ती आता न विचारता करते.

मानेचा काळेपणा फिका झालाय, गेला नाही. आणि गर्भधारणेआधी एचबीए१सी ६.५ च्या खाली हवं, ते अजून नाही. सासूबाईंना घाई आहे. कॉपर-टी काढणं सहा महिने पुढे ढकललं, तेवढ्या वेळात सेन्सर कायमचा लावायचा आणि टेल्मिसार्टनच्या जागी अम्लोडिपिन आणायचं. गर्भ राहिला की दुसऱ्या तिमाहीपासून वारेची हार्मोन्स रेझिस्टन्स वाढवतील, शेवटच्या महिन्यांत डोस दुप्पट होऊ शकतो, आणि बाळंत झाल्यावर काही तासांतच तो धाडकन उतरवावा लागतो. त्या रात्रीचा डोस किती धरायचा हे तिच्या फाईलच्या पहिल्या पानावर आत्ताच लिहून ठेवलं आहे, कारण बाळंतपण कुठल्या दवाखान्यात होईल आणि ड्यूटीवर कोण असेल हे आधी ठरवता येत नाही.